डबी हुंगली की मोगरा, पेटवली की काहीच नाही

दिवाळीआधीच्या कुठल्याही प्रदर्शनात जा, सुगंधी मेणबत्त्यांच्या टेबलाशी एकच दृश्य दिसतं. बायका डबीचं झाकण उघडतात, नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, ‘अगं बाई, अगदी खरा मोगरा!’ डबी विकली जाते. आठवड्याभराने फोन येतो. ‘ताई, पेटवली तर वासच येत नाही हो.’ मग करणारी पुढच्या घाण्यात सुगंधी तेल दुप्पट ओतते. आता डबी उघडताच ठसका लागतो, आणि पेटवल्यावर वास आधीपेक्षाही कमी. एक अख्खा मोसम मी हेच केलं आहे, महागाचं तेल ओतून. चूक तेलात नव्हतीच. ती कुठे होती ते कळायला आधी मेणबत्ती जळते कशी हे कळावं लागतं, आणि आपल्यापैकी बहुतेकांची त्याबद्दलची समजूत उलटी असते.

एका डबीचे दोन वास

न पेटवलेल्या मेणबत्तीचा वास येतो त्याला या धंद्यात ‘कोल्ड थ्रो’ म्हणतात आणि पेटवल्यावर खोलीत पसरतो त्याला ‘हॉट थ्रो’. आपण सोयीसाठी गार वास आणि पेटता वास म्हणू. दोन्ही एकाच तेलाचे, पण त्यांचा एकमेकांशी संबंध वाटतो तितका जवळचा नाही. गार वास म्हणजे कापराच्या डबीसारखं: झाकण लावलेलं असताना आत वास साठतो, झाकण उघडलं की एकदम नाकात जातो. त्यासाठी उष्णता लागत नाही. पेटता वास म्हणजे फोडणी. हिंगाची डबी कितीही उग्र असली तरी शेजारच्या घरापर्यंत वास पोचतो तो हिंग तापलेल्या तेलात पडल्यावर. आणि तेल नीट तापलंच नसेल, तर चमचाभर हिंग टाकूनही फोडणी बसत नाही.

म्हणून डबी हुंगून मेणबत्ती पारखणं म्हणजे हिंगाची डबी हुंगून आमटी पारखणं.

जळतं ते मेण नव्हे

घरी एक गंमत करून बघा. मेणबत्ती काही मिनिटं जळू द्या, मग हलकेच फुंकर घालून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाईल. पेटलेली काडी वातीला न लावता वातीच्या एखादं बोट वर, त्या रेघेला लावा. ज्योत रेघेवरून सरसर खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. मायकेल फॅराडे यांनी १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली होती, त्यातही हा प्रयोग होता. ती पांढरी रेघ म्हणजे मेणाची वाफ. जळते ती वाफ. घट्ट मेण वितळतं, पातळ मेण वात वर शोषून घेते (टिपकागद शाई पितो तसं), वातीच्या टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते.

आता सुगंधी तेलाचा विचार करा. ते मेणात मिसळलेलं आहे. मेणाबरोबर जे तेल वातीतून वर जातं, ते हजार अंशांच्या पुढे तापलेल्या ज्योतीत शिरतं आणि त्यातलं बहुतेक मेणासारखंच जळून जातं. जळलेल्या मोगऱ्याला मोगऱ्याचा वास येत नाही.

मग वास येतो तो कुठून? वातीभोवती जे पातळ मेणाचं तळं साचतं, त्याच्या पृष्ठभागावरून. तिथलं मेण साधारण साठ ते ऐंशी अंशांना तापलेलं असतं. संत्र्या-लिंबाच्या सालीतला मुख्य सुगंधी पदार्थ, लिमोनीन, उकळतो १७६ अंशांना. लॅव्हेंडरमधला लिनलूल १९८ अंशांच्या आसपास, व्हॅनिलिन तर २८५ला. पण वास सुटायला काही उकळावं लागत नाही. दोरीवरचे ओले कपडे वाळतात तेव्हा त्यातलं पाणी कुठे उकळतं? ऊन, वारा आणि पसरलेला पृष्ठभाग, एवढं पुरतं. मेणबत्तीतही तेच. ज्योतीचं काम तळं तापवायचं आणि गरम हवेचा झोत वर पाठवायचा. वास देतं ते तळं.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते. लिंबू, संत्रं यांचे हलके वास पटकन उडतात, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात छान वाटतात. चंदन, वाळा, व्हॅनिला हे जड. त्यांना तळं चांगलं तापलेलं लागतं. नुसत्या लिंबाची मेणबत्ती करून ती तासन् तास दरवळेल अशी अपेक्षा धरू नये. लिंबाला कशाची तरी जड सोबत द्यावी, गवती चहा चालतो, वाळा त्याहून चांगला.

छोट्या डबीची मोठी अडचण

कपडे पसरून वाळत घातले तर लवकर वाळतात, तसा वास तळ्याच्या रुंदीवर अवलंबून. पाच सेंटिमीटर व्यासाच्या डबीत तळं काठाला काठ लागलं तरी त्याचं क्षेत्रफळ भरतं जेमतेम वीस चौरस सेंटिमीटर. साडेसात सेंटिमीटरच्या ग्लासात ते चव्वेचाळीस होतं. व्यास दीडपट, तळं सव्वादोनपट. दुकानातल्या जाडजूड तीन वातींच्या मेणबत्तीशी आपल्या छोट्या पत्र्याच्या डबीची तुलना करणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

आणखी एक हिशेब. छोटी मेणबत्ती तासाला साधारण चार ग्रॅम मेण खाते. आठ टक्के तेल घातलं असेल तर त्या चार ग्रॅममध्ये तेल असतं जेमतेम ०.३ ग्रॅम, आणि त्यातलाही काही भाग वातीतून जळून जातो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत अठ्ठावीस घनमीटर हवा असते. एवढ्याशा तेलाने ती भरायची आहे. म्हणून छोट्या डबीकडून न्हाणीघर, देवघराचा कोपरा, वाचायचं टेबल एवढीच अपेक्षा ठेवा, किंवा मग एकाच हॉलमध्ये दोन-तीन डब्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एका डबीत तिप्पट तेल घालण्यापेक्षा तीन डब्या केव्हाही बऱ्या, कारण तिथे तळीच तीन होतात.

डबी निवडायची तर पसरट घ्या. अरुंद तोंडाच्या, पोटाला फुगीर बरण्या दिसायला गोड असतात, पण त्यांच्यात ज्योतीला हवा कमी पडते आणि तळ्याचा वास आतच घुटमळतो. टी-लाइटकडे बघा: इवलीशी, पण पातळ वाटीत असल्याने तिचं सगळंच्या सगळं मेण थोड्या वेळात पातळ होतं. आकाराच्या मानाने ती बरी दरवळते ती यामुळेच.

सगळा खेळ वातीचा

घरी मेणबत्त्या करणाऱ्यांना मेणाचं कौतुक असतं, तेलाचं तर फारच. वात मात्र ‘मिळाली ती’ लावली जाते. माझ्या मते शंभरातल्या ऐंशी तक्रारी वातीच्या असतात. हे ऐंशी मी मोजलेले नाहीत, अनुभवाने म्हणते.

वात बारीक असली की ज्योत लहान, तळं छोटं. वातीभोवती विहीर खणल्यासारखा खड्डा पडतो आणि काठाचं मेण तसंच उभं राहतं. त्या उभ्या मेणातला मोगरा कधी सुटणारच नाही. वात जाड असली तर याच्या उलट: ज्योत उंच, नाचरी, वातीच्या टोकाला भूछत्रासारखी काळी गाठ, काचेवर काजळी. तळं खोल होतं, डबी हात लावू नये इतकी तापते. सुरुवातीला वास भरपूर येतो, म्हणून करणारी खूश. पण तेल भराभर उडून आणि जळून जातं आणि उरलेल्या अर्ध्या डबीत काजळीचा वास तेवढा राहतो. काच तडकण्याचा धोका वेगळाच.

बरोबर वात ओळखायची ढोबळ रीत अशी. व्यासाच्या दर इंचाला एक तास धरायचा. म्हणजे दोन इंची डबीचं तळं साधारण दोन तासांत काठाला लागावं आणि त्याची खोली अर्धा ते एक सेंटिमीटर, फार तर किंचित जास्त असावी. इथे एक फसगत आहे. पहिल्याच वेळी तळं झटपट काठाला गेलं की आपण ती वात पास करतो. पण मेण खाली जातं तशी ज्योत डबीत उतरते, कडेच्या भिंती उष्णता कोंडतात आणि तीच वात शेवटच्या टप्प्यात भट्टी होते. वरच्या भागात कडेला मेणाचा पातळ पापुद्रा राहिला तर राहू द्या. खाली गेल्यावर तो आपोआप वितळतो. वात पास करायची ती डबी तळापर्यंत जाळून बघितल्यावर.

वातीचे नंबर विकणाऱ्यागणिक बदलतात, त्यामुळे मैत्रिणीचा नंबर तुमच्या कामाचा नाही. एकच डबी, एकच मेण, एकच तेल आणि तीन जाडीच्या वाती: अशा तीन मेणबत्त्या करा, बुडाला चिकटपट्टीवर तारीख आणि नंबर लिहा, तासातासाला पट्टीने तळं मोजा. कंटाळवाणं काम आहे. पण तेल बदललं की हे पुन्हा करावं लागतं, कारण व्हॅनिलासारखं जड तेल वातीला जड जातं आणि लिंबाचं तितकं जात नाही.

समईची वात लावली तर? पुष्कळजणी विचारतात. हाताने वळलेली कापसाची वात तेला-तुपात छान जळते, कारण तिला भांड्याचा आधार असतो. तळ्याच्या मधोमध ती मान टाकते. मेणबत्तीची वात वेणीसारखी विणलेली असते. जळताना ती थोडी वाकते, टोक ज्योतीच्या कडेला येतं आणि राख होऊन गळतं. ही विणलेली वात एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आली. त्याआधी जळकं टोक सतत कातरत बसावं लागे आणि त्यासाठी खास कात्र्या असत. आजही प्रत्येक वेळी पेटवण्याआधी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापावीच.

‘मग तेलच वाढवलं तर काय बिघडलं?’

मेणाची तेल धरून ठेवायची एक मर्यादा असते. बहुतेक मेणांना सहा ते दहा टक्के झेपतं. नेमका आकडा पाकिटावर असतो. त्यापुढे घातलेलं तेल म्हणजे पिठात मोहन जास्त झाल्यासारखं. मेण घामेजतं, तळाशी तेलाचे थेंब साचतात, वात चिकट तेलाने तुंबते, ज्योत मरगळते, तळं आकसतं. ‘तेल वाढवलं आणि वास कमी झाला’ हे कोडं इथे सुटतं. कधी उलटंही होतं: वर साचलेलं तेल पेट घेतं. तो प्रकार बघायची वेळ कुणावर न येवो.

तेल वजनावर मोजा, चमच्यावर नको. शंभर मिलीच्या डबीत शंभर ग्रॅम मेण मावत नाही, कारण मेण पाण्याहून हलकं; वर थोडी जागा सोडली तर पंचाहत्तर ग्रॅम धरा. त्याचे आठ टक्के म्हणजे सहा ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमने चुकला तर आठाचे सव्वानऊच्या वर तरी जातात, नाही तर पावणेसातच्या खाली येतात. छोट्या घाण्यात ही चूक मोठी ठरते. म्हणून एकेक डबी करू नका. आठ-दहा डब्यांचं मेण एकदम तयार करा किंवा दशांश दाखवणारा छोटा काटा घ्या.

‘घरात अत्तर आहे, तेच घातलं तर?’

कपड्यांवर मारायचा परफ्यूम मुळीच नको. त्यात मुख्यतः अल्कोहोल असतं, ते अठ्ठ्याहत्तर अंशांना उकळतं. गरम मेणात ओतलं की त्याची वाफ होणार, आणि शेजारी गॅस पेटलेला असला तर तो सरळ आगीशी खेळ आहे. कनौजचं खरं अत्तर देग-भपक्यात, म्हणजे तांब्याच्या हंड्यातून वाफ काढून, चंदनाच्या तेलात उतरवतात. ते मेणात जाळायला घालणं म्हणजे केशर घालून भांडी घासण्यासारखं. अगरबत्तीवाल्यांकडचं सेंट स्वस्त असतं, पण ते पातळ करायला वापरलेला पदार्थ मेणबत्तीसाठी निवडलेला नसतो. काही पातळक मेणात नीट विरघळत नाहीत आणि वात तुंबवतात. बाटलीवर मेणबत्तीसाठी असं लिहिलेलं तेल घ्या. निलगिरी, गवती चहा यांची शुद्ध तेलं चालतात, मात्र गार वासावर भाळू नका. काहींचा पेटता वास अगदीच बेताचा असतो.

तेल कधी घालायचं?

सोया मेण मुळात काय आहे ते सांगितलं तर पुढचं सोपं जाईल. सोयाबीन तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करतात. आपला डालडा ज्या रीतीने होतो तीच रीत, फक्त अधिक घट्ट. म्हणजे सोया मेण हे डालड्याचं चुलत भावंड. पातळ डालड्यात काही मिसळायचं तर तो पुरता पातळ हवा. गोठायला लागल्यावर गुठळ्या होतात. म्हणून तेल घालायचं ते मेण साधारण ७५ ते ८५ अंशांना असताना, आणि मग दोन मिनिटं हळूहळू ढवळायचं. दोन मिनिटं घड्याळात बघा. मनातली दोन मिनिटं चाळीस सेकंदांची असतात. डबीत ओतायचं त्याहून थंड झाल्यावर, साठच्या आसपास, पण त्याचा संबंध वासापेक्षा पृष्ठभाग गुळगुळीत येण्याशी जास्त.

‘एवढ्या गरम मेणात तेल उडून जाणार नाही का?’ ही भीती बाटलीवरच्या फ्लॅश पॉइंट या आकड्यामुळे वाढते. त्या तापमानाला तेल नाहीसं होतं असं अनेकांना वाटतं. खरा अर्थ वेगळा: त्या तापमानाला तेलाची एवढी वाफ सुटते की ठिणगी लागल्यास ती भडकेल. तो आगीचा इशारा आहे, वासाचा नाही. म्हणून मेण पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा, तेल घालताना गॅस बंद करा. आणि मेण पेटलंच तर पाणी ओतू नका, झाकण टाका.

मुरू द्या

कैरीचं लोणचं घातल्या दिवशी कुणी वाढत नाही. सोया मेणाचंही तसंच. वरून घट्ट दिसलं तरी आतले स्फटिक पुढे कितीतरी दिवस मांडणी बदलत राहतात. झाकण लावून एक ते दोन आठवडे ठेवलेली डबी आणि दुसऱ्या दिवशी पेटवलेली डबी यांच्या पेटत्या वासात फरक जाणवतो. पॅराफिन, म्हणजे पेट्रोलियमपासूनचं मेण, दोन-तीन दिवसांत तयार होतं आणि सहसा वासही जोरात देतं. ‘पण पॅराफिनची काजळी?’ काजळी सोयाचीही येते. ती मेणाच्या जातीपेक्षा जाड वातीवर आणि वाऱ्यावर अवलंबून. मला स्वतःला दोन्हींचं मिश्रण आवडतं. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात नुसतं मऊ सोया मेण कुरियरमध्येच पाझरायला लागतं, हेही एक कारण.

‘अगरबत्ती घर भरते, मग हिलाच काय झालं?’

हा सासूबाईंचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. अगरबत्तीला ज्योत नसते. ती धुमसते. निखारा खाली सरकताना त्याच्या लगतचं सुगंधी द्रव्य जळण्याआधी तापून बाहेर पडतं आणि धुरावर बसून घरभर फिरतं. मेणबत्तीत धूर नको, काजळी नको, ज्योत शांत हवी, अशा अटी आपण घातलेल्या असतात. धुराविना वास हवा तर तो हळू आणि हलकाच येणार.

कुल्हड आणि पणतीतल्या मेणबत्त्या

दिसायला सुंदर, पण बिनलेपाच्या मातीच्या भांड्याला असंख्य छिद्रं असतात. नवी पणती तेल पिऊ नये म्हणून आपण ती आधी पाण्यात भिजत घालतो, ते याचसाठी. मेणाच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, गरम मेणात पाणी तडतडतं. भांडं मेण आणि सुगंधी तेल पीत राहतं, वास घटतो, आणि तेल प्यालेली माती पेटूही शकते. आतून काचेसारखा लेप दिलेलं भांडंच घ्या. करवंट्यांच्या तर मी वाटेलाच जात नाही.

आणि शेवटी, पंखा

एवढं सगळं जमलं तरी वास येत नाही अशी तक्रार आली, तर मी दोन प्रश्न विचारते. पहिला: तुम्ही खोलीतच बसून होता का? नाक सततच्या वासाला पंधरा-वीस मिनिटांत सरावतं. मासळीबाजारात शिरताना जो वास येतो तो खरेदी संपेपर्यंत कुठे जातो? दार लोटून, खोलीत दुसरं कुणी असेल तर त्यांच्या नजरेखाली डबी तासभर जळू द्या, तुम्ही गच्चीत चक्कर मारून या, आणि दार उघडल्याक्षणी हुंगा. तो पहिला श्वास तेवढा खरा.

दुसरा: पंखा चालू होता का? आपल्याकडे तो असतोच. पंख्याखाली ज्योत एका बाजूला झुकते, तळं वाकडं होतं, काच काळी पडते आणि जेवढा वास सुटतो तेवढा खिडकीतून बाहेर. मागच्या वर्षी एका बाईंनी तीन डब्या परत आणून दिल्या. त्यांच्या घरी जाऊन मी त्यातलीच एक पेटवली आणि आधी पंखा बंद केला. पाऊण तासाने त्यांचा मुलगा शाळेतून आला आणि दारातूनच ओरडला, ‘आई, आज पूजा आहे का?’